शिरेतून लोह देण्याच्या ट्रायल्स : पेपरात काय लिहिलंय हे तपासायचं कसं?

पीएसएम_दुसरं_वर्ष (नांदेड) यांचा प्रश्न

गरोदरपणातल्या ॲनिमियासाठी आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (पुढे नुसतं एफसीएम) या शिरेतून द्यायच्या दोन लोह-औषधांची तुलना करणाऱ्या, भारतात झालेल्या आणि छापून आलेल्या रँडमाइज्ड ट्रायल्स (कोणत्या बाईला कोणतं औषध हे नशिबावर सोडून केलेल्या चाचण्या) गोळा करून त्यांचं रिपोर्टिंग तपासायचं, असा थिसिसचा विषय आहे. कोणतं औषध सरस, हा प्रश्न नाही. पेपर वाचणाऱ्याला ट्रायल कशी झाली ते कळतं का, एवढंच बघायचं. चाळीसेक पेपर धरलेत. सिनॉप्सिस देण्याआधी खालच्या गोष्टींवर गाडी अडलीय.

कन्सॉर्टची चेकलिस्ट (ट्रायलच्या पेपरात काय-काय लिहिलेलं हवं याची आंतरराष्ट्रीय यादी) २०१० ची घ्यायची की २०२५ ची? प्रत्येक पेपरला एकूण गुण देऊन 'चांगला, बरा, वाईट' असे गट पाडायचे का? "रुग्णांची दोन गटांत रँडम विभागणी केली" एवढं एकच वाक्य असेल तर रँडमायझेशन 'लिहिलं' धरायचं की नाही? पेपरात नसलेली गोष्ट त्याच ट्रायलच्या थिसिसमध्ये सापडली तर? आणि पेपरातले आकडेच एकमेकांशी जुळत नसतील तर तो रिपोर्टिंगचा दोष की दुसरा काही?

काय-स्क्वेअर

आधी चेकलिस्टचं. कन्सॉर्ट पहिल्यांदा १९९६ मध्ये आली, २००१ आणि २०१० मध्ये सुधारली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा नवी झाली. २०१० च्या यादीत २५ कलमं आहेत, पोटकलमं धरून ३७. २०२५ च्या यादीत ३० कलमं. तुमचे बहुतेक पेपर एप्रिल २०२५ च्या आधीचे असणार. त्यांना त्या वेळी नसलेल्या यादीने मोजणं म्हणजे जुन्या विद्यार्थ्याला नव्या सिलॅबसचा पेपर देणं. मुख्य मोजमाप २०१० च्या यादीने करा. २०२५ मध्ये नव्याने आलेली कलमं, उदाहरणार्थ डेटा कसा मिळेल, रुग्णांचा सहभाग होता का, ही हवी तर वेगळ्या रकान्यात ठेवा आणि फक्त वर्णन म्हणून द्या. पेपर छापल्याचं वर्ष प्रत्येक ओळीत हवंच.

एकूण गुण देऊ नका. कन्सॉर्ट ही गुणपत्रिका नाही. 'निधी कोणी दिला' या कलमाला एक गुण आणि 'ग्रुपची चिठ्ठी लपवली कशी' (म्हणजे पुढची बाई कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्याला कळू कसं दिलं नाही) यालाही एक गुण, असं केलं की शीर्षकात 'रँडमाइज्ड' लिहिणारा, निधीची ओळ टाकणारा, मर्यादांचा परिच्छेद जोडणारा पेपर २५ पैकी १८ घेऊन 'चांगला' ठरतो आणि त्यात चिठ्ठीबद्दल अवाक्षर नसतं. कलमवार टक्केवारी द्या. प्रत्येक टक्केवारीला कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो तो) जोडा, कारण ४० पेपर म्हणजे फार नव्हेत : ४० पैकी १२ पेपरांत चिठ्ठी लपवण्याची रीत सापडली तर ते ३० टक्के, पण विल्सनच्या पद्धतीने ९५ टक्के इंटर्व्हल १८ ते ४५ येतो. "फक्त ३० टक्के" असं ठासून लिहिण्याआधी हा पल्ला बघा.

दोघांनी स्वतंत्र वाचायचं, मतभेद तिसऱ्याने सोडवायचे. इथे कप्पाचा (योगायोग वजा करून दोघांची जुळणी सांगणारा आकडा) एक खड्डा आहे. समजा शीर्षकाच्या कलमावर ४० पैकी ३५ पेपरांना दोघांनी 'आहे' म्हटलं, एकाला दोघांनी 'नाही' म्हटलं आणि चार ठिकाणी फाटलं, दोन इकडे दोन तिकडे. जुळणी ९० टक्के. कप्पा मात्र ०.२८ येतो, कारण जवळपास सगळेच 'आहे' असल्यावर योगायोगाने जुळण्याची अपेक्षाच ८६ टक्के असते. परीक्षक हमखास विचारतात. म्हणून कप्पासोबत निव्वळ जुळणीची टक्केवारीही द्या.

'लागू नाही' हा तिसरा पर्याय ठेवा. मध्येच विश्लेषण करून ट्रायल थांबवण्याचं कलम पन्नास-साठ बायकांच्या ट्रायलला बहुतेकदा लागू नसतं. ते 'नाही'त टाकलं तर बळंच दर्जा खाली दिसतो.

लेबर_रूम

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर : तसलं एक वाक्य म्हणजे 'नाही'. त्या वाक्यात रँडमायझेशनचं नाव आहे, कृती नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरांत त्यांची कायम खिचडी होते.

पहिली, क्रम तयार कसा केला. संगणकाने काढला, रँडम नंबर टेबलावरून काढला, ब्लॉक (दोन्ही गट समसमान भरावेत म्हणून क्रमाचे पाडलेले छोटे तुकडे) होते का, किती आकाराचे. सम-विषम नोंदणी क्रमांक, सोमवारची ओपीडी एका गटाला आणि गुरुवारची दुसऱ्याला, एकाआड एक बाई, यातलं काहीही असेल तर ते रँडम नाहीच. पेपरात 'रँडम' लिहून खाली 'सम-विषम' लिहिलेलं सापडेल. तिथे रिपोर्टिंगला 'आहे' द्या, कारण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय, आणि शेजारच्या रकान्यात 'पद्धत अयोग्य' लिहा. लिहिलंय का आणि बरोबर केलंय का, हे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवले नाहीत तर सगळा थिसिस चिखलात जाईल.

दुसरी, तो क्रम भरती करणाऱ्या डॉक्टरपासून लपवला कसा. भरती करणाऱ्याला पुढची चिठ्ठी कळत असेल तर क्रम कितीही रँडम असला तरी उपयोग शून्य. पुढची चिठ्ठी एफसीएमची आहे हे माहीत असलं की हिमोग्लोबिन ७.१ ची, लांबच्या तांड्यावरून आलेली बाई 'उद्या या' म्हणून परत जाते आणि जवळच्या गल्लीतली ९.४ ची आत येते. यात कुणी मुद्दाम वाईट वागतं असं नाही, सोय बघितली जाते. १९९५ मध्ये शुल्झ आणि सहकाऱ्यांनी ३३ मेटा-ॲनालिसिसमधल्या (अनेक ट्रायल्सचे निकाल एकत्र करणाऱ्या अभ्यासांतल्या) २५० ट्रायल्स तपासल्या. चिठ्ठी नीट न लपवलेल्या ट्रायल्समध्ये उपचाराचा फायदा (ऑड्स रेशोने मोजलेला) ४१ टक्के फुगलेला होता, आणि लपवली की नाही हे लिहिलेलंच नव्हतं तिथे ३० टक्के. हा दुसरा आकडा तुमच्या थिसिसचं समर्थन आहे, सिनॉप्सिसमध्ये घाला.

लिफाफ्यांची पद्धत असेल तर तीन शब्द शोधा : क्रमांकित, अपारदर्शक, सीलबंद. नुसतं 'लिफाफा पद्धत' म्हणजे अर्धवट. पातळ पांढरा लिफाफा खिडकीसमोर धरला की आतलं 'ए' किंवा 'बी' दिसतं, म्हणून आत ॲल्युमिनियम फॉइल किंवा कार्बनचा कागद घालतात. बाईचं नाव आणि वेळ लिफाफ्यावर आधी लिहायची, मग फोडायचा. लिफाफे बनवणारा आणि भरती करणारा एकच माणूस नको. हे पेपरात दोन ओळींत मावतं. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश ट्रायलच्या लेखात सीलबंद लिफाफ्यांचं वर्णन आहे, तेव्हा जागा नव्हती म्हणायला वाव नाही.

ब्लॉकचं आणखी एक. औषध उघड असताना सगळे ब्लॉक चारचेच ठेवले तर तीन बायका झाल्यावर चौथीचा गट कुणीही सांगेल. चार आणि सहा असे मिसळून वापरतात आणि आकार भरती करणाऱ्याला सांगत नाहीत. छापताना मात्र सांगायचा.

'डबल ब्लाइंड' दिसलं की थांबा. एफसीएम एका बैठकीत १००० मिलिग्रॅम जातं, सुक्रोज २००-२०० करत दिवसाआड. एकीला एकदा यायचं, दुसरीला चार-पाचदा. खोटी सलाईन लावून भेटी सारख्या केल्या नसतील तर बाईला कळणारच. २०१० ची कन्सॉर्ट म्हणूनच विचारते की नक्की कोण अंधारात होतं : बाई, सलाईन लावणारी सिस्टर, की हिमोग्लोबिन करणारा टेक्निशियन? या विषयात तिसरा सहज शक्य आहे, आणि नेमकं त्याच्याबद्दलच कुणी लिहीत नाही.

आता उपचाराच्या वर्णनाबद्दल. हे कलम सगळे डोळे मिटून 'आहे' देतात आणि या विषयातला खरा घोटाळा तिथेच आहे. बहुतेक पेपर म्हणतात, "गांझोनी सूत्राने डोस काढला." सूत्र असं : वजन × (हवं असलेलं हिमोग्लोबिन − आताचं) × २.४ + साठ्यासाठी ५००. पंचेचाळीस किलोची बाई घ्या, हिमोग्लोबिन ८, लक्ष्य ११. गणित ३२४ + ५०० = ८२४ मिलिग्रॅम. लक्ष्य १३ धरलं तर १०४०. साठ्याचे ५०० धरलेच नाहीत तर नुसते ३२४. वजन गरोदरपणाआधीचं की आजचं, यानेही फरक पडतो. म्हणजे सूत्राचं नाव लिहून डोस कळत नाही. त्यात सुक्रोजच्या गटाला सूत्राने ८२४, गोल करून चार बाटल्या म्हणजे ८००, आणि एफसीएमच्या गटाला सरसकट १०००, असं असेल तर तुलना औषधाची राहिली नाही, लोहाच्या मात्रेची झाली. प्रत्यक्षात प्रत्येक गटाला सरासरी किती मिलिग्रॅम गेलं, हा आकडा पेपरात असायलाच हवा. तुमच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना द्या. २०१४ ची टायडर यादी, बारा कलमांची, खास उपचाराच्या वर्णनासाठी आहे, ती जोडीला घ्या.

हिमोग्लोबिन कशाने मोजलं हेही बघा. साहलीच्या नळीत रंग डोळ्याने जुळवतात, माणूस बदलला की आकडा बदलतो. सुरुवातीचं पीएचसीत साहलीने आणि शेवटचं कॉलेजात सेल काउंटरवर, असं असेल तर वाढीतला काही भाग मशीनचाच.

एक_रेसिडेंट_फक्त

जरा दुसरी बाजू. जर्नल शब्दांची मर्यादा घालतं, संपादक मेथड्स कापतात, रेसिडेंट ओपीडी-लेबर रूम सांभाळून लिहितो. लहान कॉलेजांच्या पेपरांवर कन्सॉर्टची काठी उगारली की निकाल ठरलेलाच. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही असं नव्हे.

काय-स्क्वेअर

शेवटचं वाक्य बरोबर, आणि म्हणूनच रकाने वेगळे ठेवायचे. पण वाचणाऱ्याला दोन्हीत फरक करता येत नाही, तक्रार तेवढीच आहे. शब्दमर्यादेचं कारण फार टिकत नाही. अशा पेपरांत मेथड्स दीड पान असतं आणि चर्चेत लोहाच्या शोषणावर अडीच पानं असतात. ऑनलाइन पुरवणीला शब्दमर्यादाही नसते. आणि हा आजार लहान कॉलेजांचा म्हणू नका. प्रेडिमेड ही स्पेनची, ७,४४७ माणसांची आहाराची ट्रायल, २०१३ मध्ये जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जर्नलांपैकी एकात आली. २०१८ मध्ये लेखकांनी तोच पेपर मागे घेऊन नव्याने छापला, कारण एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाला रँडम न करता पहिल्याच्याच गटात टाकलं होतं आणि एका ठिकाणी तर अख्ख्या दवाखान्याला एकच गट दिला होता. मूळ लेखात यातलं काही नव्हतं.

जर्नलचा प्रकार आणि चेकलिस्ट मागणारं धोरण, हे दोन रकाने ठेवलेत तर रेसिडेंट साहेबांच्या मुद्द्याचंही उत्तर आकड्यांत निघेल.

हातचा_एक

न जुळणारे आकडे हा रिपोर्टिंगचाच भाग. त्याला वेगळं प्रकरण द्या. कॅल्क्युलेटर घेऊन पेपरामागे पंधरा मिनिटं लागतात.

फ्लो डायग्राम आधी. समजा २७४ तपासल्या, ५८ वगळल्या (३१ निकषात न बसलेल्या, १९ नकार, ८ इतर), २१६ रँडमाइज, १०८-१०८, पैकी १४ आणि १७ गळाल्या, विश्लेषणात ९४ आणि ९१. ही साखळी वरून खाली जुळली पाहिजे आणि टेबलातला 'एन' (किती जणी मोजल्या तो आकडा) तिच्याशी जुळला पाहिजे. कुठल्याच टेबलात एन बदलत नसेल आणि पेपर म्हणत असेल "१०० रँडमाइज, १०० पूर्ण", तर शंका घ्या. आपल्याकडे गरोदर बाईचा सहा आठवड्यांचा फॉलोअप शंभर टक्के होत नसतो. बहुतेक वेळा गळालेल्यांच्या जागी नव्या भरलेल्या असतात आणि ते लिहिलेलं नसतं. "उपचार पूर्ण केलेल्या शंभर स्त्रियांचा समावेश केला", असं वाक्य मेथड्समध्ये दिसलं तर ते अधोरेखित करून ठेवा.

मराठवाड्याचे पेपर असतील तर अभ्यासाचे महिने बघा. बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरती झालेली बाई नोव्हेंबरात सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात असते. ही गळती रँडम नाही : कोयत्यावर जाणारी बाई राहणाऱ्या बाईपेक्षा वेगळी असते, खाण्यापिण्यात आणि कामाच्या ओझ्यात. शिवाय गळती दोन्ही गटांना सारखी लागत नाही. एफसीएमवाली एका दिवसात डोस घेऊन गेली, तिचा फक्त शेवटचा रक्ताचा नमुना बुडतो. सुक्रोजवाली तिसऱ्या बाटलीआधीच गाडीत बसली. पेपरने 'पूर्ण डोस घेतलेल्या'च मोजल्या तर सुक्रोजच्या गटात घरी राहू शकणाऱ्या, नवऱ्याने दिवसाआड आणून सोडलेल्या बायका उरतात. पेपरात गटवार गळतीचा आकडा, गटवार कारण आणि विश्लेषणात कोणाला धरलं, या तिन्ही गोष्टी हव्यात. 'इंटेन्शन टू ट्रीट केलं' (ज्या गटात टाकलं त्याच गटात सगळ्यांना मोजलं) हा शब्द पुरेसा नाही. खूपदा तो शब्द लिहून खाली ९४ आणि ९१ चंच टेबल असतं. नसलेल्या आकड्यांचं काय केलं हे विचारा.

आता एसडी (बायकाबायकांतला पसारा) आणि एसई (सरासरीतली अनिश्चितता, म्हणजे एसडी भागिले एनचं वर्गमूळ). '११.२ ± ०.१७' असं हिमोग्लोबिन दिसलं आणि ± म्हणजे काय ते लिहिलं नसेल तर एन ५० ला ०.१७ × ७.०७ म्हणजे १.२ येतं. तो एसई आहे, एसडी म्हणून खपवलाय. पन्नास गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ०.१७ एसडीमध्ये बसत नाही.

उलट दिशेचा तपासही आहे आणि तो फार कमी लोक करतात. निकष '७ ते ९.९' असेल तर बेसलाइनचा एसडी अर्ध्या पल्ल्यापेक्षा, म्हणजे १.४५ पेक्षा, खऱ्या अर्थाने मोठा होऊच शकत नाही, आणि तोही अर्ध्या बायका बरोबर ७ वर आणि अर्ध्या ९.९ वर असल्या तरच. सगळीकडे सारख्या पसरल्या तर ०.८४ च्या आसपास. टेबल एकमध्ये '८.३ ± १.६' असेल तर एक तर निकष पाळला नाही किंवा आकडा चुकला. दोन्हीपैकी काय ते आपण ठरवायचं नाही, 'विसंगत' लिहायचं.

पूर्णांकांच्या सरासरीसाठी ग्रिम, म्हणजे तेवढ्या एनला ती सरासरी येऊच शकते का हा तपास. एन ३० आणि सरासरी पॅरिटी (आधीची बाळंतपणं) १.४८ म्हणे. ४४ भागिले ३० म्हणजे १.४७, ४५ भागिले ३० म्हणजे १.५०. मधलं १.४८ येतच नाही. मात्र हा तपास हिमोग्लोबिनवर लावू नका. ते एका दशांशापर्यंत मोजलेलं असतं, तीस जणींची बेरीज भागिली की पायरी ०.००३ ची पडते आणि दोन दशांशांची कुठलीही सरासरी शक्य असते. एन शंभराच्या वर गेला की पॅरिटीलाही निरुपयोगी.

सॅम्पल साइजचं वाक्य : फरक किती धरला, एसडी किती, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) किती, गळती किती. चारही असतील तर स्वतः काढून बघा. दोन सरासऱ्यांसाठी, ५ टक्के दुहेरी पातळी आणि ८० टक्के पॉवरला, प्रत्येक गटात १५.७ × एसडीचा वर्ग ÷ फरकाचा वर्ग. एसडी १.२, फरक ०.५ ग्रॅम : प्रत्येकी ९१. पंधरा टक्के गळती धरली तर ९१ ÷ ०.८५, म्हणजे १०८. प्रत्येकी ५० घेणारा पेपर याच गृहीतावर ०.६७ ग्रॅमचाच फरक पकडू शकतो, तीस-तीसचा ०.८७ चा. '३०-३० घेतल्या कारण कालावधी मर्यादित' हे चक्क बरं वाक्य आहे, खरं तरी आहे. मागाहून निकालातल्या फरकावरून काढलेली पॉवर मात्र सॅम्पल साइज म्हणून मोजू नका.

पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००० ही सॉफ्टवेअरची छपाई आहे, ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. टेबल एकमध्ये वय-वजनाला पी व्हॅल्यू लावणं कन्सॉर्टला मान्य नाही. रँडमायझेशन झालं असेल तर तिथला फरक योगायोगाचाच. आणि निकालात गटागटाचा आधी-नंतर पी देऊन दोन गटांमधला फरक व इंटर्व्हल न देणं, हे सगळ्यात जास्त सापडेल. दोन्ही औषधांनी हिमोग्लोबिन वाढतंच. प्रश्न दोघांतल्या फरकाचा होता.

नोंदवही

सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीचा, रकाना कुणी काढला नाही. ती नोंदवही आयसीएमआरकडे २० जुलै २००७ पासून सुरू आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे भरतीआधीचीच नोंदणी घेतात. क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. पेपरातला अभ्यासाचा कालावधी त्याशेजारी ठेवा. 'जानेवारी ते डिसेंबर' अभ्यास आणि क्रमांक सप्टेंबरचा, म्हणजे अर्धीअधिक भरती झाल्यावर नोंद. नोंदीत पहिल्या रुग्णाच्या भरतीची तारीख वेगळी दिलेली असते, तीही उतरवा. पेपरात क्रमांक आहे एवढ्यावर 'आहे' देऊ नका, उघडून बघा. दुसऱ्याच ट्रायलचा क्रमांक चिकटवलेला असू शकतो.

मग प्रायमरी आउटकम (ट्रायलने आधीच ठरवलेला मुख्य निकाल) शब्दशः दोन्हीकडून उतरवा. नोंदीत 'चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन' आणि पेपरात 'दोन आणि सहा आठवड्यांनी', किंवा नोंदीत हिमोग्लोबिन आणि पेपरात ठळक जागी फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी तपासणी), हा बदल आहे आणि त्याचं कारण पेपरात हवं. चॅन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डेन्मार्कच्या एथिक्स कमिट्यांकडचे १०२ ट्रायल्सचे प्रोटोकॉल छापील पेपरांशी ताडले, तर ६२ टक्क्यांत निदान एक प्रायमरी आउटकम बदललेला, नव्याने घातलेला किंवा गाळलेला निघाला. नोंदीत नंतर फेरफार होऊ शकतात, म्हणून शेवटच्या बदलाची तारीख लिहा आणि ज्या दिवशी पाहिली त्या दिवशीची पीडीएफ ठेवा. सहा महिन्यांनी परीक्षक उघडतील तेव्हा वेगळं दिसलं तर तुमच्याकडे पुरावा हवा.

दुष्परिणामांसाठी 'कोणतेही गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत' हे वाक्य 'नाही'त टाका. कसे शोधले (बाईने सांगितले तेव्हा लिहिले, की यादी वाचून विचारलं), किती वेळ लक्ष ठेवलं, किती जणींपैकी किती. एफसीएममध्ये रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं, ते मोजलंच नसेल तर 'आढळलं नाही' म्हणायचा अर्थ काय?

सारांश वेगळा तपासा. जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर मोबाइलवर तेवढाच वाचतो. सारांशासाठी २००८ ची वेगळी कन्सॉर्ट यादी आहे. बुत्राँ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रायमरी आउटकमला फरक न सापडलेल्या ७२ ट्रायल्स पाहिल्या. ४२ च्या सारांशाचा निष्कर्ष तरीही उपचाराच्या बाजूला झुकवून लिहिलेला होता. 'दोन्ही परिणामकारक, पण एफसीएम सोयीचे व म्हणून श्रेष्ठ' हे आपल्या विषयातलं त्याचंच रूप. सोय हा प्रायमरी आउटकम नव्हता.

पीएसएम_दुसरं_वर्ष (नांदेड)

सगळ्यांचे आभार. एकूण गुण काढून टाकले, 'लिहिलंय' आणि 'योग्य' असे जोड रकाने केले, दिलेल्या लोहाच्या सरासरीचा रकाना घातला. दोन शंका उरल्या. थिसिसवाला प्रश्न राहिला. आणि एका पेपरात 'क्रमांकित सीलबंद लिफाफे' आहे पण 'अपारदर्शक' नाही, तर?

लेबर_रूम

लिफाफ्याला एक रकाना ठेवूच नका. क्रमांकित, अपारदर्शक, सीलबंद, आणि लिफाफे कोणी बनवले व फोडले, असे चार 'आहे/नाही'. तुमच्या पेपराला 'आहे, नाही, आहे' आणि चौथं काय असेल ते. मागाहून 'चारही' आणि 'निदान एक' असे दोन्ही आकडे देता येतात, वाद मिटतो.

काय-स्क्वेअर

थिसिसमध्ये सापडलेलं पेपरच्या खात्यात धरायचं नाही. तुमचा विषय छापील पेपर आहे आणि वाचकाच्या हाती थिसिस नसतो. पण ज्या ट्रायल्सचा थिसिस मिळेल तेवढ्यांचा छोटा उपगट करून 'थिसिसमध्ये होतं, पेपरात गळालं' अशी कलमवार मोजणी करा. वर रेसिडेंट साहेब म्हणाले ते, केलं होतं पण लिहिलं नाही, किती वेळा खरं आहे ते तिथेच कळेल. लेखकांना मेल करायची असेल तर सगळ्यांना एकच मजकूर, दोन स्मरणपत्रं, आणि आलेली उत्तरं वेगळ्या रकान्यात. "चिठ्ठी लपवली होती का?" असं विचारू नका, सगळे 'हो' म्हणतील. "पुढची बाई कोणत्या गटात जाणार हे कसं ठरत होतं, ते क्रमाने लिहून पाठवा", असं विचारा.

हातचा_एक

पायलटचे (सगळे वाचण्याआधीच्या रंगीत तालमीचे) पाच पेपर निवडताना पाचही चांगल्या जर्नलचे घेऊ नका. दोन धड, दोन अर्धवट आणि एक असा घ्या की ज्यात फ्लो डायग्रामच नाही. व्याख्या कुठे फाटतात ते त्या पाचव्यावर कळतं. पायलटनंतर व्याख्या बदलल्या तर ते पाचही पुन्हा पहिल्यापासून वाचायचे, आणि बदल कोणत्या तारखेला केला ते तक्त्याच्या वरच्या ओळीत लिहायचं.